चादरीची मागची बाजू

आमच्या शाळेचं वार्षिक संमेलन ऐन थंडीत व्हायचं, पण आमच्या घरात ते पाऊस ओसरता ओसरताच सुरू झालेलं असायचं. एक दिवस दप्तरातून चिठ्ठी यायची. तिच्यात दोनच मागण्या: घरी ओव्हनमध्ये भाजलेला एक पदार्थ आणि घरी शिवलेला कापडाचा एक चौकोन. खाली रेघ मारून लिहिलेलं असे, की दोन्हींना घरातल्या निदान दोन पिढ्यांचे हात लागलेले असावेत. संमेलनात नाच, नाटकं, गाणी, बक्षीस समारंभ सगळं असायचं आणि मला ते आवडायचंही. पण आज ते पुसट झालंय. त्या चिठ्ठीमुळे आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जे घडायचं, ते मात्र लख्ख आठवतं.

चौकोनाचं माप ठरलेलं होतं. शिवून २० सेंटिमीटरचा भरला पाहिजे, म्हणून शिलाईसाठी चारी बाजूंना एकेक सेंटिमीटर सोडून २२ चा कापायचा. वर्गात आम्ही तीस जण. दर वर्षी तीस चौकोन जमायचे आणि पंधरा-पंधराच्या दोन ओळी करून ते वर्गाच्या चादरीला जोडले जायचे. पहिलीत चादर म्हणजे नुसती एक लांबलचक पट्टी होती, ३ मीटर रुंद आणि जेमतेम ४० सेंटिमीटर उंच. चौथीत ती १६० सेंटिमीटर झाली, शिवणाच्या बाईंच्या उंचीची. दहावीत ती ३ बाय ४ मीटरची होणार, हे बाईंनी पहिल्याच वर्षी फळ्यावर आकृती काढून दाखवलं होतं. दहा वर्षांनी पुऱ्या होणाऱ्या गोष्टीत आपल्यालाही धरलंय, याचं मला त्या वयात फार अप्रूप वाटलं होतं.

चौकोनावर काय शिवायचं, याचं उत्तर बाई कधीच द्यायच्या नाहीत. त्या फक्त विचारायच्या, ‘यंदा ऋतूनं तुझ्या घरात काय आणून टाकलं?’ ठरावीक हसरा सूर्य किंवा पाच पाकळ्यांचं फूल घेऊन कुणी गेलं, की त्या प्रेमानं परत पाठवायच्या. ‘हे तर कुठल्याही घरात असतं. तुमच्या घरात काय झालं ते बघ.’ मग बघावंच लागायचं. एकीनं दोरीवर चार दिवस न वाळलेले मोजे शिवून आणले होते. एकाच्या चौकोनावर वाफ धरलेली खिडकीची काच होती, आणि त्या करड्या कापडावर बोटानं ओढल्यासारखी एकच पांढरी साखळी टाक्याची रेघ. मला तो चौकोन अजून डोळ्यांपुढे आणता येतो.

त्या प्रश्नाची आमच्या घराला सवयच लागली. पहिला पाऊस आला की धाकटा भाऊ ओरडायचा, ‘चौकोन, चौकोन!’ जेवताना कुणीतरी म्हणायचं, आज सकाळी गच्चीच्या कठड्यावर दव होतं, बघितलंस का? चिठ्ठी हातात येईपर्यंत आमच्याकडे पंधरा-वीस गोष्टी साठलेल्या असायच्या आणि त्यातली एक निवडताना भांडणं व्हायची.

चौथीत आम्ही पान निवडलं. उंबऱ्याशी वाऱ्यानं आणून टाकलेलं, अर्धं वाळलेलं. मी सरळ पिवळा दोरा उचलला. आईनं ते पान खिडकीपाशी नेलं, पांढऱ्या कागदावर ठेवलं आणि दोऱ्यांचा डबा शेजारी आणून उघडला. ‘आधी लावून बघ,’ ती म्हणाली. आम्ही एकेक रीळ पानाला टेकवून बघू लागलो. देठाजवळ हिरवट, शिरेच्या कडेनं मधासारखा, मध्ये खरा पिवळा, मग विटकरी, आणि कडेला जिथं पान मुरडलं होतं तिथं जवळजवळ जांभळा. एका पानात पाच रंग निघाले. दिव्याच्या उजेडात दोरा कधी निवडायचा नाही, हे मी त्या दुपारी शिकले आणि अजून तसंच करते.

कापड होतं जुन्या पडद्याचं. आईनं उभ्या धाग्याच्या अंगानं बरोबर सरळ कापून दिलं, कारण तिरका कापलेला चौकोन ओढला की ताणतो आणि शेजारच्या चौकोनालाही वाकडं करतो. मी पानाच्या कडेवर खडू फिरवला, आजीनं त्यावर कच्चे टाके घातले, मी साखळी टाक्यानं कड भरली. शिरा आजोबांनी घेतल्या. हो, आजोबांनी. त्यांना शर्टाची बटणं लावणं आणि रफू करणं छान यायचं, पण त्या वर्षापर्यंत त्यांची नजर अधू झाली होती. सुईत दोरा मी ओवून द्यायची. गाठ सुटली तर आपल्याला कळणार नाही, या धास्तीनं ते प्रत्येक दोऱ्याला दोनदा, कधी तीनदा गाठ मारायचे. चौकोन उलटा केला की मागं मोहरीएवढ्या गाठींची एक रांगच दिसायची.

आईला ते खुपत होतं. चांगलं शिवण मागूनही पुढच्यासारखंच दिसलं पाहिजे, असं तिच्या मनावर ठसलेलं. आजोबा झोपल्यावर ती ते टाके उसवून पुन्हा घालणार होती. मी रडून तिला थांबवलं. दुसऱ्या दिवशी भीत भीत चौकोन बाईंना दिला. त्यांनी तो पालथा केला, गाठींवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘हे कुणाचं काम?’ मी सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘चादरीला अस्तर दहावीत लागणार आहे. तोवर सगळ्यांना दिसू दे.’

त्यानंतर चादर कधी हातात आली की मी ती आधी उलटी करून बघायची. पुढून सगळे चौकोन नीटनेटके, पण मागून घरं ओळखू यायची. कुणाचा दोरा एका फुलावरून दुसऱ्या फुलावर लांब उडी मारून गेलेला, कुणाकडे मशीनची टीप एकदम ओळीत, कुणाच्या अर्ध्या चौकोनात लहान हाताचे ढगळ टाके आणि पुढच्या अर्ध्यात एकदम बारीक. म्हणजे तिथं मुलाला झोप आली आणि आईनं सुई हातात घेतली.

ओव्हनमधल्या पदार्थाची गोष्ट जरा वेगळी. भावाला अंडं चालायचं नाही. चुकून पोटात गेलं की अंगभर गांधी उठायच्या. म्हणून आमचा केक बिनअंड्याचा: दीड कप मैदा, कपभर साखर, चमचाभर सोडा, चिमूटभर मीठ, कपभर दूध, तिसरा हिस्सा कप तेल, संत्र्याची किसलेली साल, आणि अगदी शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर. ते घालायचं काम भावाचं. आंबट आणि सोडा एकत्र आले की लगेच बुडबुडे उठायला लागतात, आणि केक फुगवणारी हवा तीच. रेंगाळलो तर ती ओव्हनबाहेरच उडून जाणार. म्हणून ओव्हन १८० डिग्रीवर आधीच तापलेला, डब्याला तूप-मैदा लावलेला, बाबा ओव्हनचं दार धरून उभे, आणि आई म्हणायची, ‘घाल!’ पस्तीस मिनिटांनी केक झाला का ते बघायला आजीची विणायची सुई. ती सुई ओव्हनजवळच्या खणात इतकी वर्षं राहिली, की विणायला बसलं की आजी आधी स्वयंपाकघरात जायची.

संमेलनाच्या दिवशी लांब टेबलांवर पदार्थ मांडलेले असायचे आणि प्रत्येकापुढे एक कार्ड: कुणी काय केलं. ‘मैदा चाळणे: आजोबा. ढवळणे: मी. व्हिनेगर: भाऊ.’ एकदा विज्ञानाचे सर आमच्या कार्डापाशी थांबले. बिनअंड्याचं कारण विचारलं, आणि मग तिथंच उभं राहून आम्हा दोघांना त्यांनी अल्फ्रेड बर्डची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा हा औषधविक्रेता. त्याच्या बायकोला अंडं सोसायचं नाही, म्हणून त्यानं १८३७ मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड बनवलं. तिला यीस्टही चालेना, म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर. सोडा आणि आम्ल कोरडंच एकत्र ठेवायचं, ओलं झालं की काम सुरू, असा त्यातला विचार. ‘घरातल्या एका माणसाला सगळ्यांबरोबर खाता यावं म्हणून,’ सर म्हणाले. भाऊ तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला आपल्यासाठी वेगळा केक करावा लागतो याची लाज वाटायची. त्या दिवसापासून वाटेनाशी झाली. येईल त्याला तो स्वतः बोलवून बर्डची गोष्ट सांगत होता.

सहावीत आम्ही ब्रेड करायचं ठरवलं आणि त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. संध्याकाळी मळलेलं पीठ दोन तासांनी बघितलं, तर जसंच्या तसं. बाबा वाटीत वाफाळतं पाणी घेऊन आले, यीस्ट नव्यानं भिजवूया म्हणून. आजीनं त्यांचा हात धरला. ‘अरे, मारशील त्याला. जिवंत असतं ते. बोटाला सोसेल एवढंच कोमट.’ तिचं अगदी बरोबर होतं. थंडीत यीस्ट सुस्तावतं, पण मरत नाही. मरतं ते उकळत्या पाण्यानं, साठ डिग्रीच्या आतबाहेरच त्याचा कारभार आटोपतो. मग बाबांनी अंगातला स्वेटर काढला, पातेल्याला गुंडाळला, बाह्यांची गाठ मारली आणि ते सगळं बाळासारखं मांडीवर घेऊन बसले. आम्ही त्यांच्याभोवती. कुणी झोपायला गेलं नाही. आजोबा जुन्या थंडीच्या गोष्टी सांगत होते, आई काज करत होती. रात्री अकराच्या सुमाराला बाबा म्हणाले, ‘हललं.’ फडकं वर करून बघितलं, तर पीठ काठाला आलेलं, बोट टेकवलं की खड्डा पडून हळूहळू भरून येणारं. ब्रेड भाजून निघेपर्यंत एक वाजला. सावकाश फुगलेल्या पिठाला चव जास्त येते हे पुढं वाचलं. त्या रात्री मात्र आम्हाला वाटलं ती स्वेटरची चव आहे. एक ब्रेड आम्ही तिथंच संपवला. कार्डावर आजीनं लिहिलं, ‘पीठ मळणे: दोघी. ऊब: बाबा.’ ते कार्ड केकच्या डब्यात अजून आहे, कडेला तेलाचा डाग पडलेलं.

सातवीचं संमेलन छान झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

आठवीच्या पावसाळ्यात आजोबा गेले. त्या वर्षी ‘ऋतूनं घरात काय आणलं’ याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. चिठ्ठी आठ दिवस फ्रिजवर तशीच राहिली. मग एका दुपारी आईनं आजोबांचा निळ्या बारीक रेघांचा शर्ट काढला, पाठीवरचं कापड सरळ धाग्यात कापलं आणि माझ्यापुढे ठेवलं. वर काही भरलं नाही आम्ही. फक्त खिशाचा तुकडा पुन्हा जागच्या जागी लावला, कडेनं बारीक धावदोरा घालून. शिवताना कापडाला त्यांच्या कपाटाचा वास येत होता. आई मध्येच उठून गेली आणि तोंड धुऊन परत आली. बाईंनी त्या वर्षी काहीच विचारलं नाही. त्यांनी तो चौकोन चौथीतल्या पानाच्या सरळ खाली, त्याच स्तंभात बसवला.

बऱ्याच वर्षांनी मी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या गोधड्यांबद्दल वाचलं. तिथल्या कृष्णवर्णीय बायका झिजलेल्या कपड्यांच्या तुकड्यांतून अशा गोधड्या करत आल्या आहेत, की पुढं त्या मोठमोठ्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या. त्यांतली एक मिझुरी पेटवे यांची, १९४२ सालची. नवरा गेल्यावर त्यांनी त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची गोधडी केली, मुलीला हाताशी घेऊन. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून निजता यावं म्हणून. तिच्या फोटोत गुडघ्यावरचे विटलेले भाग आणि उसवलेल्या खिशांखालचे गडद चौकोन स्पष्ट दिसतात. मी तो फोटो आईला दाखवला. आई कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘हिनं खिसे काढले. मी ठेवला.’

दहावीत अस्तर लागलं. संमेलनाच्या आदल्या रविवारी सगळी घरं शाळेच्या सभागृहात जमली. फरशीवर आधी अस्तर पसरलं, उलटी बाजू वर, मग त्यावर चादर. मधून सुरकुत्या बाहेर काढत काढत कडेपर्यंत यायचं, कच्च्या टाक्यांनी दोन्ही थर एकमेकांना धरवायचे आणि मग कडेनं तिरकी पट्टी लावायची. ३ मीटर आणि ४ मीटर, म्हणजे चौफेर १४ मीटर कड. कडेनं माणसं बसली होती, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून, आणि ज्याची सुई पुढं जाईल तो शेजारच्याच्या टाक्याला जाऊन मिळायचा. वडील मंडळींनी दोरे ओवून दिले. मध्येच ब्रेड आणि बिस्किटांचे डबे फिरले, पण चादरीवर चुरा सांडायचा नाही म्हणून सगळ्यांनी मागं वळून, भिंतीकडे तोंड करून खाल्लं. अस्तर घालण्यापूर्वी बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं, की मागची बाजू शेवटची बघून घ्या. लोक वाकून वाकून आपापले टाके शोधत होते.

गेल्या थंडीत शाळेनं जुन्या विद्यार्थ्यांना संमेलनाला बोलावलं. चादर सभागृहाच्या भिंतीवर आहे. रंग थोडे उतरलेत. पानातला जांभळा आता तपकिरी दिसतो, शर्टाचा निळा टिकलाय. गर्दी ओसरल्यावर मी चादरीचा काठ जरा उचलून आत हात घातला आणि अस्तरावरून बोटं सरकवत पानाच्या मागं नेली. कापडाखाली गाठी होत्या. एक, दोन, तीन, अगदी रांगेनं.