पाटावरचा हत्ती

घटस्थापना, रात्री साडेदहा.

बबडीला रात्रीची गोळी दिली, झोपली. आज घरात भोंडला झाला, पाच माणसांचा. बाहेर सगळं बडोदं गरब्याला निघालंय, स्पीकरच्या ठेक्याने खिडकीच्या काचा थरथरताहेत. कालचा रक्ताचा रिपोर्ट बरा आहे, पण ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, औषधं चालू आहेत, तिला गर्दीत न्यायचं नाही म्हणजे नाही. मग सासूबाईंनी तांदळाच्या पिठाने पाटावर हत्ती काढला.

गेल्या वर्षी याच सुमाराला तिची चप्पल चालताना निसटायला लागली होती. सैल झाली असेल म्हणून नवी आणली, तीही निसटायची. पाऊल टाकताना आधी टाच टेकायच्या ऐवजी अख्खा तळवाच फरशीवर आपटायचा. थप्प, थप्प. स्वयंपाकघरातून मला कळायचं, बबडी आली. व्हिंक्रिस्टीन हे केमोचं औषध नसांवर बसतं, त्यामुळे चवडा वर उचलत नव्हता. स्टेरॉईडने मांड्यांतलं बळ ओसरलेलं. जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकायची. सात वर्षांची पोर!

आणि आम्ही काय केलं, तर तिला झोपाळ्यावर बसवून ठेवलं. ल्युकेमिया म्हटल्यावर सगळ्या घराचंच अवसान गेलं होतं. ताट हातात, पाणी हातात, मोरीपर्यंत कडेवर. अप्पांनी तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब केलेला, तेच दरडावायचे, "हलू देऊ नका तिला."

फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला टाचांवर चालून दाखवायला सांगितलं. चार पावलांत कोलमडली. त्यांनी भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायला शिकवलं, चवडे वर ओढायला शिकवलं, आणि मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही दिवसभरात किती चालता?" मला रागच आला. आजारी काय मी होते? पण खरं उत्तर होतं, लिफ्टपर्यंत. वॉर्डातल्या बाकड्यावर झोपून माझी कंबर धरलेली, यांच्या पट्ट्याला दोन भोकं नवी पाडलेली. बाई म्हणाल्या, "तिला एकटीला करायला लावलंत तर ती ते औषधातच धरेल. सगळे करा."

तेव्हापासून पहाटे, फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत, मास्क लावून कमाटीबाग. फुलांच्या घड्याळापर्यंत जायचं, बसायचं, परत यायचं. कधी निम्म्यातूनच रिक्षा. हिमोग्लोबिन उतरलं की ती पायरीवरच बसकण मारते, मग ओढाताण नाही. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कमी असल्या की उड्या बंद, पडायची भीती असेल ते सगळं बंद. ताप आला तर व्यायामाचं नावच काढायचं नाही, थर्मामीटर ठेवून थेट हॉस्पिटल गाठायचं. एवढं पाठ झालंय. महिन्यातले स्टेरॉईडचे पाच दिवस मात्र अजून जड जातात. तेव्हा ती नुसती खाते आणि चिडते, आणि मीही (खात नाही, चिडते).

आज पाटाभोवती पहिल्या दोन फेऱ्या साध्या झाल्या. अप्पा आधी "हा बायकांचा खेळ" म्हणून झोपाळ्यावरच होते. बबडीने हाताला धरून ओढलं. तिसऱ्या फेरीला तिनेच फर्मान काढलं, आता सगळ्यांनी टाचांवर. सासूबाई पदर खोचून निघाल्या, यांनी दोनदा कपाट धरलं. अप्पा सहा पावलं गेले आणि थप्पकन सपाट पायावर आले.

"अप्पा, चवडा वर! भिंत धरा हवं तर," बबडी म्हणाली.

मल्लखांबवाल्याने निमूट भिंत धरली. नंतर ते पंख्याखाली बसून पोटऱ्या चोळत होते, आणि खिरापत ओळखताना बबडीने बटाटेवड्यापासून सुरुवात करून अख्खा फरसाणवाला पालथा घातला. निघाली वाटली डाळ. तोंड वाकडं करून दोन वाट्या खाल्ली.

पाट अजून तिथेच आहे. हत्तीची सोंड कुणाच्या तरी पायाने पुसली गेलीय. उद्या खिरापती दोन करायच्या, आणि मी हरभरे भिजत घालायचे विसरलेय.