इतिहास जालन्यापासून

शनिवार, रात्री

जून तोंडावर आला. गणित, मराठी आणि इंग्रजीचं ठरलं, इतिहासावर मात्र घरात अजून एकमत नाही. लेकरांना घरीच शिकवता म्हटल्यावर नातेवाईक आधी परीक्षेचं विचारतात. त्याचं उत्तर आता तोंडपाठ झालंय: एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पायऱ्या आहेत, वेळ आली की तिथं बसवू. इतिहासाचं असं सरळ उत्तर नाही. सासूबाईंचं म्हणणं, शिवाजी महाराजांपासून सुरुवात करा. ह्यांचं म्हणणं, बायबलातल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून. थोरली म्हणते, इजिप्तच्या ममीपासून.

अमेरिकेतले ख्रिस्ती अभ्यासक्रम गेले काही आठवडे चाळतेय. अबेकाची पुस्तकं दिसायला सुरेख, पाठ आखीव, आईला विचार करावा लागू नये अशी. पण दुसरी, तिसरी आणि चौथी ही तिन्ही वर्षं अमेरिकेचाच इतिहास. जुनं जग येतं ते पाचवीला. फ्लोरिडातल्या लेकरांसाठी हे बरोबरच आहे, त्यांनी आधी आपलं घर ओळखावं. मग त्याच न्यायानं जालन्याच्या लेकरानं आधी जालना का ओळखू नये? आमच्या थोरलीला अमेरिकेत गेलेल्या यात्रेकरूंचं जहाज पाठ आणि पैठण कुठल्या नदीवर ते माहीत नाही, असं व्हायला नको.

मग काळाच्या क्रमानं जाणारे. ‘मिस्ट्री ऑफ हिस्ट्री’चा पहिला खंड सृष्टीपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंत, पुढं आणखी तीन. ह्यांना तो फार आवडला, आणि त्यात एक गोष्ट मलाही पटते. संडे स्कूलमध्ये लेकरांना मोशे, दावीद, दानीएल सगळे ओळखीचे असतात, पण ते कुठल्या तरी वेगळ्याच जगात राहत होते असं त्यांना वाटतं. नबुखद्नेस्सर हा बाबेलचा खराखुरा राजा होता आणि त्याच्या नावाच्या विटा जमिनीतून निघाल्यात, हे कळलं की धाकट्याचे डोळे मोठे होतात. ‘स्टोरी ऑफ द वर्ल्ड’मध्ये गोष्ट रंगवून सांगितलीय, मोहेंजोदडो आहे, अशोक आहे. काही ख्रिस्ती आयांना ते पुरेसं ख्रिस्ती वाटत नाही. मला त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. धडा संपल्यावर प्रार्थना करायला आपल्याला कुणी अडवलंय का?

अडचण तारखांची आहे. आयर्लंडच्या आर्चबिशप अशरनं सतराव्या शतकात बायबलावरून हिशेब मांडून सृष्टीची निर्मिती इ. स. पू. 4004 ला आणि जलप्रलय 2348 ला धरला. काही ख्रिस्ती अभ्यासक्रम अजून त्याच चौकटीत चालतात. इकडं हडप्पा नि मोहेंजोदडोचा भरभराटीचा काळ साधारण इ. स. पू. 2600 ते 1900. म्हणजे ऐन वस्तीत, नळ्या-गटारं चालू असताना जलप्रलय, आणि गावाला पत्ताच नाही! थोरली हे पकडणार, तिला वजाबाकी येते. ह्यांच्याशी यावर बराच वेळ बोलणं झालं. ठरलं ते असं: अब्राहामाच्या आधीच्या गोष्टी बायबलमध्येच वाचायच्या, त्यांना साल चिकटवायचं नाही. उत्पत्तीच्या पुस्तकानं स्वतः साल दिलेलं नाही, आपण कशाला द्यायचं? ह्यांना हे पुरतं पटलंय असं नाही, पण मान हलवली.

खरी मजा पहिल्या शतकात आहे, आणि ती बाहेरच्या एकाही अभ्यासक्रमात मला मिळाली नाही. पेरिप्लस नावाचं ग्रीक भाषेतलं व्यापाऱ्यांचं टिपण आहे, त्याच शतकातलं. त्यात पैठण आहे, तगर आहे, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि माल गाड्यांतून बंदराकडं जातो, असं लिहिलंय. पैठणहून गोमेदासारखे दगड, तेरहून जाडंभरडं कापड. इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली 1938 मध्ये एक हस्तिदंती बाईची मूर्ती सापडली. गाव गाडलं गेलं इ. स. 79 मध्ये, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथं पोचलेली. तशाच धर्तीच्या मूर्ती तेरला आणि आमच्याच जिल्ह्यात भोकरदनला मिळाल्यात. काही अभ्यासक तर पॉम्पेईची मूर्तीही इथलीच म्हणतात. आणि बायबलात प्रेषितांची कृत्ये 28 मध्ये प्रेषित पौल रोमला जाताना ज्या बंदरावर उतरतो, ते पॉम्पेईच्याच उपसागराच्या काठी. हे वाचलं तेव्हा मी चुलीवरचं दूध विसरले. थोरलीच्या कालरेषेवर पौल नि भोकरदन एकाच बोटाखाली येतील. तेरला लामतुरे संग्रहालय आहे, पाऊस लागायच्या आत एकदा जाऊन येऊ.

महाराजांचं सासूबाईंना मी कबूल केलंय. चौथीचं बालभारतीचं ‘शिवछत्रपती’ घरात आहेच, तेच वाचू. जिजाऊंचं सिंदखेड राजा इथून जवळ, तेही दाखवू. फक्त 1679 ची जालन्याची मोहीम आली की धाकटा विचारणारच, “आपल्याच गावावर?” तेव्हा हे गाव मोगलांच्या ताब्यातली श्रीमंत पेठ होती, हे त्याला सांगावं लागेल. गाव आपलं होतं की नव्हतं हे काळावर असतं, ही गोष्ट सात वर्षांच्या पोराला समजते, मोठ्यांनाच जड जाते. 17 सप्टेंबरचंही तसंच. 1948 ला निजामाचं राज्य संपलं, आम्ही झेंडा लावतो. सासूबाईंकडं रझाकारांच्या ऐकीव गोष्टी आहेत, त्या लेकरांनी त्यांच्याच तोंडून ऐकाव्यात. पण त्याच निजामशाहीच्या दिवाणानं, सालारजंगानं, रेव्हरंड नारायण शेषाद्रींना जालन्याजवळ जमीन दिली आणि तिथं बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसली. 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण, मुसलमान दिवाणाची जमीन, आणि वस्ती बहुतेक अस्पृश्य मानलेल्या माणसांची. आपली मंडळी कुठून आली हे लेकरांना सांगायचं तर या तिघांतल्या एकालाही वगळून चालत नाही.

म्हणूनच त्या अमेरिकी पुस्तकांतली एक सवय मला खटकते. पानापानावर देवाचा हात दाखवला जातो: अमुक लढाईत वारा फिरला, देवाचा हात. मी विश्वास ठेवते की इतिहास देवाच्या हाती आहे. पण कुणाच्या बाजूनं होता हे इतक्या झटपट सांगायचं धाडस मला होत नाही. दुष्काळात मेलेल्यांच्या बाजूनं नव्हता का तो? त्या जागा मी पेन्सिलीनं खुणावणार आणि वाचून दाखवताना गाळणार.

तर सध्याचं असं: ‘स्टोरी ऑफ द वर्ल्ड’ जगासाठी, बायबल बायबलसाठी, भिंतीवर कालरेषा (जुन्या कॅलेंडरांची पाठ, डिंक घरात आहे), मराठवाडा माझ्या वहीतून. धडा ऐकून झाला की लेकरांनी आपल्या शब्दांत परत सांगायचा. ही शार्लट मेसन बाईंची पद्धत, स्वाध्यायाच्या रिकाम्या जागा भरण्यापेक्षा हजार पटींनी बरी. पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळक पुढच्या वर्षी, तेव्हा थोरलीला स्वतः वाचता येतील.

गोव्याच्या इन्क्विझिशनचं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मचौकशीचं, मात्र अडून राहिलंय. 1560 पासून अडीचशे वर्षं, आपल्याच धर्माच्या नावानं. हे म्हणतात, बारा वर्षांच्या आधी नको. मी म्हणते, पानिपत नि रझाकार आठव्या वर्षी चालतात, तर हेही चालेल. सासूबाईंनी दोघांनाही झोपायला पाठवलं.