काळीपिवळीतून प्रवास, अपघात आणि भरपाईचा दावा : माझा अनुभव

दारव्ह्याकडून यवतमाळला येणारी काळीपिवळी (भाड्याची प्रवासी जीप) आणि समोरचा ट्रक यांची धडक झाली, माझ्या उजव्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई टाकावी लागली. अपघाताबद्दल एवढंच. पुढचं सगळं दाव्याबद्दल आहे. आपल्याकडे वेचणीच्या आणि सोंगणीच्या दिवसांत माणसं गाडीत दाटीवाटीनं बसतात, आणि काही झालं की मालक दहा-वीस हजार हातावर ठेवून स्टँपपेपरवर सही घेतो. ती सही करू नका. पुढे विमा कंपनीचा वकील पहिल्यांदा तोच कागद काढतो.

प्रवाशाची बाजू कायद्यात मुळातच भक्कम आहे. दोन गाड्यांची धडक झाली तर चूक कोणाची किती, हे प्रवाशाला सिद्ध करत बसावं लागत नाही. दोन्ही चालकांची चूक असेल तर पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये खेन्येई प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तरी अर्जात दोन्ही गाड्यांचे मालक, चालक आणि विमा कंपन्या अशा सगळ्यांना सामनेवाले (प्रतिवादी) करा. एकीची पॉलिसी संपलेली निघाली तर दुसरी हाताशी राहते.

दावा बिघडतो तो पहिल्या आठ दिवसांत, आणि कागदावर. ग्रामीण रुग्णालयात नातेवाईक घाबरून ‘गाडीवरून पडला’ एवढंच सांगतात, केसपेपरवर तसंच लिहिलं जातं. दोन वर्षांनी विमा कंपनी म्हणते, हा माणूस स्वतःच्या मोटारसायकलवरून घसरला, काळीपिवळीत नव्हताच. म्हणून एमएलसीच्या (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाच्या) रुग्णालयातल्या नोंदीत ‘अमुक क्रमांकाच्या वाहनात प्रवासी, दुसऱ्या वाहनाची धडक’ असं लिहून घ्या. थेट खासगी दवाखान्यात गेलात तरी तिथून पोलिसांना कळवायला सांगा.

एफआयआर बहुधा दुसऱ्याच कोणाची असते, त्यात सगळ्या जखमींची नावं नसतात. उठून बसता आलं की पोलिसांना जबाब द्या, आणि दोषारोपपत्रातल्या जखमींच्या यादीत आपलं नाव आहे का ते पाहा. एक्स-रेचा अहवाल तपास अधिकाऱ्याकडे पोचला नाही तर हाड मोडलेलं असूनही दुखापत ‘साधी’ राहते, कलम १२५(अ) लागतं. फ्रॅक्चर ही भारतीय न्याय संहितेप्रमाणे गंभीर दुखापत आहे, कलम १२५(ब) हवं. नावाचं स्पेलिंग आधार कार्ड, एफआयआर आणि डिस्चार्ज कार्डावर एकच ठेवा. एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र करत फिरावं लागतं.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. हा सविस्तर अहवाल दाव्याचा अर्ज म्हणूनही धरला जातो. पण त्याच्या भरवशावर थांबू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ती १ एप्रिल २०२२ पासूनच लागू झाली आहे, आणि सळई टाकलेला माणूस काठीवर चालेपर्यंत चार महिने सहज जातात. अर्ज अपघाताच्या ठिकाणच्या किंवा स्वतः राहता तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो, म्हणजे व्यवहारात जिल्हा न्यायालयात. दरवेळी दुसऱ्या जिल्ह्यात जायची गरज नाही.

गाडीचा क्रमांक एमपरिवहन ॲपमध्ये टाकला की विम्याची मुदत दिसते. पण पॉलिसीची प्रत काढाच आणि तीवरची वेळही वाचा, कारण अपघातानंतर त्याच दिवशी घाईनं काढलेली पॉलिसी उपयोगाची नसते. परमिट, फिटनेस आणि चालकाचा परवाना यांच्या प्रतीही पोलिसांच्या कागदांतून घ्या.

शेतमजुरांना मोठा फटका बसतो तो इथे. काळीपिवळी प्रवासी वाहन आहे. छोटा हत्ती किंवा पिकअप हे मालवाहू. मालवाहू गाडीत नुसतं प्रवासी म्हणून बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या आशा राणी प्रकरणापासून, म्हणजे २००२ पासून ठरलेलं आहे. स्वतःचा माल घेऊन बसलेला मालमालक किंवा त्याचा माणूस मात्र विम्यात येतो. कापूस घेऊन जिनिंगला निघाला असाल तर ते पहिल्याच जबाबात सांगा, मोजमापाची पावती जपा. माल नसताना होता असं सांगू नका. उलटतपासणीत ते टिकत नाही आणि खरी दुखापतही खोटी वाटायला लागते. काळीपिवळीत मंजूर आसनांपेक्षा जास्त माणसं असतील तर विमा कंपनी तेवढ्या आसनांपुरतीच बांधील असते. मंजूर आसनांइतके सगळ्यात मोठ्या रकमेचे दावे धरून त्यांची बेरीज सगळ्या जखमींत प्रमाणात वाटतात, उरलेलं मालकाकडून वसूल करावं लागतं.

रक्कम कशी ठरते ते समजून घ्या, म्हणजे पुरावा कशाचा हवा ते कळतं. समजा वय ३८, महिन्याची कमाई १०,००० रुपये, कायमस्वरूपी अपंगत्वामुळे कमाईत २० टक्के घट. स्वतःच्या हातावर पोट असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे १४,००० रुपये. वर्षाचे १,६८,०००. या वयाचा गुणक (किती वर्षांची कमाई धरायची तो वयानुसार ठरलेला आकडा) १५, म्हणजे २५,२०,०००. त्याचे २० टक्के ५,०४,०००. औषधं, येण्याजाण्याचं भाडं, सेवा करणाऱ्याचा खर्च, वेदना आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब वेगळा.

वाद होतो तो त्या २० टक्क्यांवर. जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावरचा आकडा पायाचा आहे की पूर्ण शरीराचा, ते लिहून घ्या. शिवाय पाय आखडला तर दुकानात बसणाऱ्याचं जेवढं नुकसान, त्याहून निंदण-डवरणी करणाऱ्याचं कितीतरी जास्त. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार प्रकरणाप्रमाणे न्यायालयानं कामाचा विचार करायचा असतो, पण उकिडवं बसता येत नाही, पाठीवर पंप घेऊन फवारणी होत नाही, हे आपल्या सरतपासणीच्या (स्वतःच्या साक्षीच्या) प्रतिज्ञापत्रात स्पष्ट यायला हवं. प्रमाणपत्र देणारे डॉक्टर साक्षीला आले तर त्या आकड्याला वजन येतं. नाही आले तर तो बराच खाली येतो.

कमाईचा पुरावा म्हणून सातबारा, रोजगार हमीचं जॉबकार्ड, कापूस विक्रीच्या पावत्या, दूध संकलनाची बिलं, पासबुक, जे असेल ते लावा. मेडिकलची पक्की बिलंच घ्या, आणि फिक्या शाईची बिलं लगेच झेरॉक्स करा, सहा महिन्यांत ती कोरी होतात.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना तिथे मोफत वकील मिळतो.

चूक सिद्ध न करता मिळणारी कलम १६४ ची रक्कम गंभीर दुखापतीला अडीच लाख आहे. ती घेतली की कलम १६६ चा अर्ज संपतो, म्हणून वरचा हिशेब मांडल्याशिवाय होकार देऊ नका. लोकअदालतीतल्या तडजोडीवरही अपील नाही. आणि तडजोड करण्याआधी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून सळई काढण्याच्या खर्चाचा अंदाज लेखी घ्या. काढावी लागली तर ती साधारण दीड-दोन वर्षांनी काढतात, आणि तोवर दावा निकाली निघालेला असला तर तो खर्च पुन्हा मागता येत नाही.