आईला काहीच करू देऊ नका, असं आम्हीच सांगितलं होतं

नळ आला की आमच्या आईला धीर धरवत नाही. अंबाजोगाईत पाणी रोज येत नाही, त्यामुळं नळ आला म्हणजे हातातलं सगळं टाकून आधी पाणी भरायचं ही तिची अख्ख्या संसाराची सवय, आणि कार्तिकात एक दिवस पहाटे पाचला पाइप ओढत ओल्या फरशीवरून जाताना ती पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय 74. ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदलला, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वॉकर देऊन उभं पण केलं, चार पावलं चालवलं. मग घरी आणलं आणि खरी गडबड आम्ही तिथं केली.

मी पुण्यात, दादा हैदराबादला, बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आई एकटी राहते आणि तिला तिथंच राहायचंय. पुण्याला आणलं की आठव्या दिवशी "मला माझ्या घरी नेऊन सोड बाई, इथं बसून बसून काय करू मी" सुरू होतं. म्हणून आम्ही ब्युरोकडून चोवीस तासांची बाई ठेवली, महिन्याला 18 हजार, आणि निघताना मीच मावशींना बजावून सांगितलं की आईला काही म्हणजे काही करू देऊ नका, पाण्याचा ग्लास पण हातात द्या. मावशींनी अगदी इमानदारीनं तेच केलं. आंघोळ पलंगावर, जेवण पलंगावर, उठायची भानगड नको म्हणून डायपर. मी रोज व्हिडिओ कॉल करायचे, आई स्वच्छ दिसायची, वेणी घातलेली, मला वाटायचं किती छान चाललंय.

टाके काढायला म्हणून एक सिस्टर आल्या, सरकारी दवाखान्यातनं रिटायर झालेल्या, साठीच्या पुढच्या. त्या दिवशी मी घरीच होते. टाके काढून झाल्यावर त्यांनी आईला कुशीवर वळवलं आणि माकडहाडावर एक लालसर चट्टा होता त्यावर अंगठा दाबून धरला, मग सोडला. मला म्हणाल्या, "हे बघा, दाबून सोडलं की जागा आधी पांढरी पडायला पाहिजे, ही लालच राहायली. कातडी फुटली नाही अजून, पण बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात झालीय." मग विचारलं, "यांना दवाखान्यात चालवलं होतं ना? मग डायपर कामून?" मावशींनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण ते मीच सांगितलेलं होतं.

आईची अवस्था तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसली. दवाखान्यात चार पावलं चाललेली बाई पंधरा दिवसांत स्वतःच्या जोरावर उठून बसू शकत नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या पायातली ताकद आठ-दहा दिवस झोपून काढले की भराभर ओसरते आणि परत यायला त्याच्या कितीतरी पट दिवस लागतात, हे सिस्टरनी सांगितलं. त्याहून वाईट म्हणजे आई "मला आता होत नाही" म्हणायला लागली होती. हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर रोज सकाळी एक तास यायला लागल्या. बीपी, शुगर, चट्ट्याची जागा बघणं, दर दोन तासांनी कूस बदलायचं मावशींना शिकवणं हे सगळं होतंच, पण मला आठवतं ते खुर्चीवरून उठणं. उंच, हात असलेली खुर्ची. "काकू, आधी पुढं सरका, एकदम कडेला. दुखरा पाय जरा पुढं असू द्या, चांगला मागं घ्या. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबा आणि उठा." आई म्हणे, वॉकरला धरून उठते की. "नाही, वॉकर सरकतो, खुर्ची सरकत नाही. उभं राहिल्यावर वॉकर धरायचा." पहिल्या दिवशी आई तीनदा अर्धी उठली आणि बसली. मी धावले तर सिस्टरनी हात आडवा घातला. त्या स्वतः आईच्या मागं, कमरेपाशी हात ठेवून उभ्या होत्या, पण उचलत नव्हत्या, एवढाच फरक बघा. चौथ्यांदा ती उठली. चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. पायरीला वेगळं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आई हे दिवसभर पुटपुटायची, परवचा म्हटल्यासारखं.

आम्ही बाथरूममध्ये मोठ्या हौसेनं स्टीलचा रॉड लावून घेतला होता. सिस्टरनी तो धरून अंगाचा भार टाकला तर स्क्रूसकट हातात आला, टॉवेलचा रॉड होता तो! मग दणकट आधाराचा दांडा आणला आणि पक्क्या भिंतीत बसवला. संडासात कमोड खुर्ची आली. पलंगापासून बाथरूमपर्यंत लाइट गेली तरी चालू राहणारे चार्जिंगचे दोन बल्ब लावले, कारण आमच्याकडं लाइट जाणार म्हणजे जाणारच. आणि पाणी? पाइप ओढायचं काम शेजारच्या पोराकडं, आईनं नळ आल्यावर फक्त त्याला हाक मारायची.

मांडी घालणं, खाली बसणं, खाली वाकणं बंद, नाहीतर बदललेला सांधा निसटू शकतो. आई तर जन्मभर खाली बसून भाकरी थापलेली. गॅस ओट्यावर नेला, एक उंच स्टूल ठेवलं, परात ओट्यावर. पहिली भाकरी तव्यावर टाकताना तुटली. आई रडली. सिस्टरनी ती तुटकी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि उद्या परत करा म्हणाल्या.

मार्गशीर्षात एक घाबरवणारी गोष्ट झाली. आईनं गुरुवारचा उपवास धरला, शुगरची गोळी मात्र नेहमीसारखी घेतली. अकराच्या सुमाराला घाम, हातपाय कापायले म्हणून शेजारच्या काकूंची सून धावत आली. फ्रिजवर सिस्टरच्या अक्षरात कागद होता: शुगर 70 च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी परत तपासा, मग खायला द्या. मशीनवर आकडा 58 आलेला. तिनं कागदाबरहुकूम केलं, 15 मिनिटांनी 92. मी फोनवर ओरडले की आता उपवास बंद. सिस्टर म्हणाल्या, उपवास त्यांचा आहे, आपण डॉक्टरांना विचारून उपवासाच्या दिवशीची गोळी ठरवून घेऊ. तसंच केलं. पुढचा गुरुवार आईनं नीट पार पाडला.

तुमच्या घरी कोणी ठेवणार असाल तर एवढं बघा. आंघोळ, खाणं, फिरवणं यासाठी मावशी चालतात, पण इंजेक्शन, ड्रेसिंग, लघवीची नळी हे शिकलेल्या नर्सचंच काम. एएनएम, जीएनएम, नर्सिंगचा कोणताही कोर्स असो, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बिनधास्त मागा, खऱ्या सिस्टरला त्याचा राग येत नाही. 2024 पासून 70 आणि त्यापुढच्या सगळ्यांना 5 लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतंय, पण ते अ‍ॅडमिट होण्यासाठी. महिनोन्महिने घरी येणाऱ्या सिस्टरचे पैसे आपल्याच खिशातनं जातात, आणि मला हे फार चुकीचं वाटतं, कारण आई आज दवाखान्यात नाही ती त्या एका तासामुळं.

मावशींचं काम संक्रांतीनंतर थांबलं. सिस्टर आता आठवड्यातून एकदा येतात. बीपी-शुगरची वही आधी त्या लिहायच्या, आता आई स्वतः लिहिते. परवा गेले तेव्हा पान उघडून बघितलं. तारीख, बीपी 134/80, उपाशीपोटी शुगर 118, आणि समोर आईच्या तिरक्या अक्षरात, "सांडगे घातले. उभ्यानं."