एन४ची तयारी: कुरेरु सुटला, मोराउ अजून हटून बसलाय

जपानी भाषेच्या एन४ परीक्षेची तयारी करताना आगेरु-कुरेरु-मोराउ या देण्याघेण्याच्या क्रियापदांच्या त्रिकुटापाशी गाडी अडली होती, त्यातला कुरेरु अखेर सुटला!

आगेरु आणि कुरेरु, मराठीत दोन्ही ‘देणे’च. इंग्रजी पुस्तकांतल्या बाणांच्या आकृत्या बोलण्याच्या ओघात काही कामाच्या नाहीत. उत्तर आपल्या घरातच होतं: आणणे आणि नेणे. वस्तू माझ्याकडे येत असेल तर ‘आण’, दूर जात असेल तर ‘ने’. कुरेरु म्हणजे ‘आण’च्या दिशेचं देणं, आगेरु ‘ने’च्या. ‘तोमोदाची गा इमोओतो नि होन ओ कुरेता’, मित्राने माझ्या धाकट्या बहिणीला पुस्तक दिलं. बहीण माझ्या बाजूची, म्हणून कुरेरुच. आता विचार न करता जमतंय, फार बरं वाटतंय.

मोराउ (मिळणे) मात्र छळतोय. आपल्या कानाला ‘नि’ म्हणजे ‘ला’. ‘तोमोदाची नि आउ’, मित्राला भेटणे, अगदी चोख. पण ‘तोमोदाची नि मोरात्ता’ म्हणजे मित्राकडून मिळालं! वस्तू मिळाली असेल तर ‘नि’ऐवजी ‘कारा’ चालतो, ती पळवाट आहे. पण क्रियापदाच्या ‘-ते’ रूपाला (आपल्या ‘करून’, ‘खाऊन’सारख्या) जोडलेल्या ‘-ते मोराउ’ला बहुतेक वेळा ‘नि’च लागतो. ‘सेन्सेइ नि नाओशिते मोरात्ता’, सरांकडून दुरुस्त करून घेतलं. ‘करून घेणे’ इथे छान बसतं, पण ‘जेवून घेतलं’ला मोराउ लावून चालत नाही. म्हणून कसोटी अशी: मराठी वाक्यात ‘कडून’ घालता आलं तरच मोराउ.

बाकी ‘-ते’ची क्रियापदं आपल्याला जवळजवळ फुकट मिळतात. ताबेते मिरु, खाऊन बघणे. कात्ते ओकु, घेऊन ठेवणे. ताबेते शिमात्ता, खाऊन टाकलं. मिरु म्हणजे बघणे आणि ओकु म्हणजे ठेवणे, मूळ अर्थसुद्धा तेच! जर्मनमधून एकच सवय आली, पण मोलाची: तिथे नाम आर्टिकलसकट पाठ करायचो, इथे क्रियापद प्रत्ययासकट करतो. नुसतं ‘आउ’ नाही, ‘नि आउ’.

अँकी या पाठांतराच्या ॲपचे तयार इंग्रजी डेक (कार्डांचे संच) माझ्या मते मराठी माणसाने घेऊच नयेत, जुळणारं सगळं त्यात झाकलं जातं. या आठवड्यात कांजी (जपानीतली चिनी अक्षरं) करणार होतो, पण हे लिहितानाच सुचलं: आधी ‘कडून’वाल्या मराठी वाक्यांची कार्डं करतो, पुढे मराठी, मागे जपानी. कांजी पुढच्या आठवड्यात. ही कार्डं बसली की इतादाकु आणि कुदासारु, म्हणजे मोराउ आणि कुरेरुची अदबीची रूपं.