खून चार, चिठ्ठ्या चार

दीपप्रज्वलन, अहवालवाचन, शाल-श्रीफळ हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी लांबतं. गिरगावातल्या आमच्या मंडळाच्या स्नेहसंमेलनाला लोक खरे येतात ते नंतरच्या अभिरूप न्यायालयासाठी. खटला ठरलेला: शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातल्या खुनांचा दोष कोणाचा, मॅकबेथचा की त्याच्या बायकोचा? साहित्य संघाच्या 'राजमुकुट' या मॅकबेथच्या मराठी रूपांतरात बायकोच्या भूमिकेतल्या दुर्गाबाई खोटे पाहिलेली मंडळी पुढच्या रांगेत असायची, तेव्हा वकिलांची पंचाईत व्हायची.

सुरुवातीला प्रेक्षकांच्या मताची चिठ्ठी एकच असायची आणि सगळं खापर बाईवर, म्हणजे लेडी मॅकबेथवर फुटायचं. मग गुन्ह्यागणिक चिठ्ठी केली. राजा डंकनसाठी पांढरी, त्याच्या पहारेकऱ्यांसाठी पिवळी, मॅकबेथचा सोबती बँकोसाठी हिरवी, सरदार मॅकडफच्या बायकोमुलांसाठी गुलाबी. निकालच पालटला. पांढरीवर दोघांची नावं येतात, आणि यावीतच. पहारेकऱ्यांच्या पेयात औषध तिनं घातलं, खंजीर तिनं काढून ठेवले, ते परत नेऊन रक्त फासलं तेही तिनंच. वार मात्र तिच्यानं झाला नाही; झोपलेला डंकन तिला वडिलांसारखा दिसला. पण खुनाचा विचार नवऱ्याच्या मनात तिला पत्र धाडण्याआधीच येऊन गेलेला असतो, हे बाईच्या बचावाचे वकील हमखास विसरतात. पिवळी मॅकबेथच्या एकट्याची. हिरवीही, बँकोच्या बेताचा तो बायकोला पत्ताच लागू देत नाही. मॅकबेथ राजा होणार असं भविष्य सांगणाऱ्या चेटकिणींना अडकवू पाहणाऱ्यांना एकच उत्तर: भविष्य बँकोनंही ऐकलं होतं, त्यानं कुठे सुरा उचलला?

सभागृह गप्प होतं ते दासीच्या साक्षीला. बाई झोपेत काय बोलली हे ती वैद्याला सांगत नाही, कारण दुजोरा द्यायला दुसरा साक्षीदार नाही. इतकी शहाणी साक्षीदार अख्ख्या खटल्यात नाही! मग बाई झोपेत चालत, मेणबत्ती घेऊन येते, हातांवर नसलेलं रक्त धुवायला. टेबल तिच्या वाटेतच हवं. मेणबत्ती ठेवल्याशिवाय दोन्ही हात मोकळे होत नाहीत, आणि एका हातानं हात धुतला की लोक हसतात. रंगमंचावरचे पंखे बंद, नाहीतर तिसऱ्या पावलाला अंधार. सेलवाली मेणबत्ती आणून पाहिली, चेहऱ्यावर सावलीच हलेना. पाणी नको, पावडर नको, घाई तर नकोच. बोटं मनगटापासून सावकाश चोळायची. फाइफच्या सरदाराला, म्हणजे मॅकडफला, बायको होती, ती आता कुठे आहे, असं ती विचारते. ज्या खुनात तिचा हात नव्हता तोही ती धूत बसते. त्यानंतर गुलाबी चिठ्ठ्यांवरही दोन-चार जण तिचं नाव लिहितात. कायद्यानं साफ चूक, पण त्या चिठ्ठ्या बाद करायला आमचे न्यायाधीश कधी धजावले नाहीत.

गुलाबी चिठ्ठ्या मुळात भरतातच कमी. वडे खाऊन झाले की निम्म्यांना विरार गाडी आठवते. चर्नी रोड पाच मिनिटांवर आहे, गाड्या मध्यरात्र उलटेपर्यंत जात असतात; पण असो.

आभारात कोणी राहिलं की वर्षभर ऐकावं लागतं, म्हणून इथेच: माइकवाले, पडदा ओढणारे, पंख्यांच्या बटनापाशी उभा राहणारा, चिठ्ठ्या कापणाऱ्या काकू, चाळीतून खुर्च्या वाहणारी पोरं, उशिरापर्यंत दार न लावणारे रखवालदार, वडेवाले, चहावाले, प्रॉम्प्टर. आणि मतपेटी म्हणून घरचा लाडवांचा डबा देणाऱ्या खजिनदारबाई. तो धुऊन परत द्यायचा असतो. गेल्या खेपेचा अजून मंडळातच पडलाय.