हरवलेले १४ ग्रॅम सापडले

सापडले, अखेर सापडले! २५० मिलीच्या कपात साधारण ३५५ ग्रॅम मध यायला हवा आणि माझा काटा ३४१ च्या आसपास अडतो, हे दुखणं मागच्या तीन नोंदी वाचलेल्यांना पाठ झालं असेल. मध चांगला, कपही बरोबर. गोंधळ काट्याच्या शून्यात होता.

कप पाण्याने तपासला होता, २४९ ग्रॅम भरला. म्हणून कप आणि काटा दोघांनाही मी संशयातून वगळलं. मग बुडबुड्यांवर रोख गेला आणि मध कपाच्या कडेने अगदी बारीक धारेने सोडायला लागलो. तूट वाढली! पाण्याचा अंश जास्त असेल म्हणावं, तर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे मधातलं पाणी मोजायचं उपकरण, १८ टक्के दाखवत होता. तो २० टक्के धरला तरी घनता १.४२ वरून १.४० वर येते, म्हणजे कपामागे जेमतेम पाच ग्रॅम. (रिफ्रॅक्टोमीटर घेणार असाल तर मधासाठीचाच घ्या. ० ते ३२ ब्रिक्सचा, म्हणजे ३२ टक्के साखरेपर्यंतचा, रसासाठी असतो, मध त्याच्या पट्टीत मावतच नाही.)

खरा धागा मिळाला तो तापमानातून. गार मध ३३८ ग्रॅम, कोमट मध ३५१. मी तापमानाचा तक्ता आखायलाही घेतला होता आणि मध्येच थांबलो. मध तापला की प्रसरण पावतो, म्हणजे तेवढ्याच कपात तो हलका भरायला हवा. माझा जड भरत होता. हे घनतेचं काम असूच शकत नाही. कोमट मधात आणखी काय वेगळं? धार! ती जाड पडते.

रिकामा कप ११२ ग्रॅमचा. टेअर केलं, म्हणजे तो ठेवून काटा शून्यावर आणला, बारीक धारेने कप भरला, ३४१ दिसले. मग कप उचलला. काट्यावर उणे ११२ यायला हवं होतं, आलं उणे १२६. तेच १४ ग्रॅम! काटा शून्यावर असताना वजन फार हळू वाढलं, तर तो त्याला स्वतःचं भरकटणं समजतो आणि शून्य पुढे सरकवत राहतो. पाणी भदकन पडतं म्हणून त्या परीक्षेत हे कधी दिसलंच नाही. बुडबुडे टाळायला मी धार जितकी बारीक केली, तितका जास्त मध त्या सरकत्या शून्यात गेला. काटा बंद करून पुन्हा चालू केला, भरलेला कप ठेवला: ४६७. वजा ११२, बरोबर ३५५. तो आकडा मी बराच वेळ बघत बसलो होतो.

आता टेअर न करता कपासकट वजन घेतो आणि ११२ वजा करतो. शून्यापासून दूर असला की माझा काटा असं करत नाही. निदान १ ग्रॅमवाल्या स्वस्त काट्यांवर प्रत्येकाने कप उचलून बघावाच.

तापमानाचा तक्ता रद्द. पुढच्या वेळी सगळ्या पाककृती २५० मिलीच्या कपाने बदलणार होतो, पण हे लिहितानाच वाटतंय की कपच कशाला? रिकामा केल्यावरही त्याच्या आत ९ ग्रॅम मध चिकटून राहतो. त्यापेक्षा चमच्यासकट बरणी काट्यावर ठेवायची, टेअर करायचं, मध काढायचा, चमचा परत बरणीत. उणे आकडा म्हणजेच भांड्यात गेलेला मध. चमच्याने मध एकदम उचलला जातो, त्यामुळे शून्य सरकायला वावच नाही.

जुन्या पाककृतींसाठी मात्र कप कुठला ते आधी ठरवावं लागेल. अमेरिकी २३६.६ मिलीचा असेल तर ३३६ ग्रॅम, मेट्रिक असेल तर ३५५. हा १९ ग्रॅमचा फरक माझ्या हरवलेल्या मधापेक्षाही मोठा आहे. मोठा चमचा १५ मिलीचा म्हणजे २१ ग्रॅम, ऑस्ट्रेलियातला २० मिलीचा म्हणजे २८.

या रविवारी मधाचा केक बरणीच्या पद्धतीने, ३३६ ग्रॅम धरून. साखरलेल्या मधाची बरणीही तशीच ठेवली आहे. तिच्यातून चमच्याने काढलेला मध किती अचूक मोजता येतो ते त्याच दिवशी बघतो.